आपल्या पेठेतलं पोस्ट 'विलीन' होतं म्हणजे नेमकं काय होतं?

पावसाळ्याच्या तोंडाला एके सकाळी कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या पोस्टाच्या दाराला कागद डकवलेला दिसला. टाइप केलेल्या चार ओळी, खाली सही आणि शिक्का. हे उपडाकघर अमुक तारखेपासून दुसऱ्या डाकघरात विलीन होत आहे, ग्राहकांनी पुढच्या व्यवहारांसाठी तिकडे जावं, एवढाच मजकूर. आमच्या शेजारच्या आक्का तिथंच उभ्या होत्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. हातात पासबुक. ते दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून वर रबर लावलेलं, भिजू नये म्हणून. त्यांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"विलीन म्हंजे बंदच न्हवं का रं बाळा?"

"बंद नाही आक्का, हलवलंय," असं मी म्हणालो. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मलाच पटेना. महिन्याच्या व्याजासाठी चालत जाणाऱ्या बाईच्या दृष्टीनं पोस्ट दोन किलोमीटर हललं तर ते हललं की बंद झालं? हा निर्णय कोण घेतं, कशावरून घेतं, 'तोटा' म्हणतात तो कसा मोजतात आणि आपल्याला त्यात काही बोलता येतं का, हे मी त्यानंतर मुळापासून समजून घेतलं. तेच इथं मांडतो आहे.

पोस्ट नक्की कुणाचं?

पोस्ट महापालिकेचं नाही, जिल्हा परिषदेचं नाही आणि राज्य सरकारचंही नाही. राज्यघटनेत केंद्राच्या अधिकारातल्या विषयांची जी यादी आहे, तिच्यात ३१ व्या क्रमांकावर टपाल आहे आणि ३९ व्या क्रमांकावर पोस्टाची बचत बँक. म्हणजे टपालाचा सगळा कारभार दिल्लीतल्या दळणवळण मंत्रालयाच्या डाक विभागाचा. त्यामुळं पोस्ट वाचवा म्हणून नगरसेवकाकडं निवेदन दिलं, तर तो आपल्यासोबत फोटोत उभा राहील, पण त्याच्या हातात काही नाही. खासदाराच्या हातात आहे.

कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. टपाल खात्यात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल, म्हणजे कारभाराचा मोठा भाग, आहे आणि कोल्हापूर विभाग त्या सर्कलच्या गोवा क्षेत्रात येतो. प्रस्ताव कोल्हापुरातल्या अधीक्षकांच्या कार्यालयातून निघतो, पणजीला पोस्टमास्तर जनरलकडं जातो, तिथून मुंबईला चीफ पोस्टमास्तर जनरलकडं आणि धोरणाचा प्रश्न असेल तर दिल्लीच्या डाक भवनात. आपण निवेदन देतो कलेक्टर कचेरीत, आणि फाइल असते पणजीत. बऱ्याच आंदोलनांचा जोर इथंच वाया जातो.

तीन पायऱ्यांचं पोस्ट, आणि दूध संघाचा टेम्पो

देशात साधारण १ लाख ६४ हजार पोस्ट ऑफिसं आहेत. जगात एवढं मोठं जाळं दुसऱ्या कुठल्याही देशाकडं नाही. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हा आकडा २३,३४४ होता आणि त्यातली बहुतेक शहरांत होती. आज दहातली नऊ खेड्यात आहेत.

या सगळ्याच्या तीन पायऱ्या आहेत. वर प्रधान डाकघर, म्हणजे आपण ज्याला हेड पोस्ट म्हणतो ते. त्याच्या हाताखाली उपडाकघरं, म्हणजे पेठेतलं किंवा तालुक्याच्या गावातलं पोस्ट. आणि सगळ्यात खाली खेड्यातलं शाखा डाकघर. हे शाखा डाकघर चालवणारे पोस्टमास्तर खात्याचे पूर्णवेळ नोकर नसतात, त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात. दिवसाचं काम चार ते पाच तासांचं धरलेलं, आणि पोस्टासाठी जागाही त्यांनीच द्यायची. म्हणून खेड्यातलं पोस्ट बहुतेक वेळा कुणाच्या तरी घराच्या सोप्यात असतं.

हे जाळं कसं चालतं ते समजायला आपल्याला लांब जायला नको. दूध संघाचा टेम्पो डोळ्यांसमोर आणा. पहाटे तो वाडीवस्तीवरच्या संस्थेत थांबतो, तिथं दोनच कॅन मिळतात. त्या एका थांब्याचं डिझेल आणि दोन कॅनचं दूध एवढंच मोजलं, तर तो थांबा तोट्याचा. पण असे थांबे एकेक करून गाळत गेलं तर संघाकडं दूध येणार कुठून? संघ म्हणजे त्या थांब्यांचीच बेरीज. पोस्टाचंही तसंच. मुंबईतून पाठवलेलं पत्र गगनबावड्याच्या वाडीत पोचतं, म्हणून मुंबईतला माणूस ते पोस्टानं पाठवतो. शेवटचा थांबा गाळला की पहिल्या थांब्यावरचं गिऱ्हाईकही हळूहळू दुसरीकडं जातं.

कागदावर 'बंद' हा शब्द सहसा का नसतो

पोस्ट बंद केल्याचं खातं फार क्वचित म्हणतं. नोटिशीत दुसरे शब्द असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे, म्हणून ते एकदा नीट समजून घ्यायला हवेत.

विलीनीकरण म्हणजे आपलं पोस्ट जवळच्या दुसऱ्या पोस्टात मिसळणं. खाती, नोंदवह्या, माणसं सगळं तिकडं जातं. आपलं खातं बुडत नाही, पैसे सुरक्षित राहतात, पण आपल्या गल्लीतला काउंटर उठतो. स्थलांतर म्हणजे पोस्ट त्याच नावानं दुसऱ्या जागेत जाणं. जागेचा करार संपला, इमारत मोडकळीला आली, मालकाला जागा परत हवी असली की हे होतं. शहरात पोस्टं हलण्यामागं पुष्कळदा हेच साधं कारण असतं.

तिसरा प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे वितरण काढून घेणं. पोस्टाची दोन अंगं असतात. एक काउंटर, जिथं आपण जातो. दुसरं वितरण, म्हणजे पोस्टमन जिथून टपाल लावून बाहेर पडतो ते. आता बऱ्याच ठिकाणी अनेक पोस्टांचं वितरण एका मोठ्या केंद्रात एकत्र करण्याकडं खात्याचा कल आहे. यंत्रं, गाड्या, जागा एकाच ठिकाणी लागतात, हे त्यामागचं कारण आहे आणि ते खोटं नाही. पण पोस्टमन गेले की त्या पोस्टाचं काम बरंच घटतं. मग एक कारकून कमी होतो. एकच काउंटर उरतो, तिथं रांग वाढते, सर्व्हर बंद पडला की लोक परत जातात. काही वर्षांनी आढावा होतो तेव्हा कागदावर दिसतं, की या पोस्टात कामच नाही. आणि मग विलीनीकरणाचा प्रस्ताव तयार होतो.

म्हणजे दाराला डकवलेला कागद ही या गोष्टीची सुरुवात नसते. तो शेवट असतो. आमच्या पेठेतही पोस्टमन आधी गेले होते. त्याला बरेच महिने झाले होते आणि आम्ही कुणीच विचारलं नव्हतं, याचं मला आज वाईट वाटतं.

इथं पिन कोडचाही संबंध येतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं आखली. ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतले पहिले तीन, आपल्याकडं ४१६, हे टपालाची छाननी करणारा मोठा भाग सांगतात. कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी, कणकवली ही सगळी ४१६ मध्येच येतात. शेवटचे तीन आकडे टपाल वाटणारं पोस्ट सांगतात. त्यामुळं काउंटर बंद झाला तरी पिन बदलत नाही, पण वितरणच दुसऱ्या पोस्टाकडं गेलं तर तो बदलू शकतो. म्हणून नोटीस लागली की पहिला प्रश्न हाच विचारावा: इथून काउंटर जातोय, की वितरण, की दोन्ही?

ठरवतात कशावरून?

नवं पोस्ट उघडण्यासाठी खात्याचे ठरलेले निकष आहेत, आणि जुनं ठेवायचं की नाही या चर्चेतही तेच मोजमाप पुढं येतं. खेड्यात साधारणपणे गावांच्या समूहाची लोकसंख्या ३,००० हवी, जवळचं पोस्ट किमान ३ किलोमीटरवर हवं आणि येणाऱ्या खर्चाच्या निदान ३३ टक्के उत्पन्न अपेक्षित हवं. डोंगरी, आदिवासी, मागास भागाला सवलत आहे. तिथं एका गावाची लोकसंख्या ५०० असली तरी चालते आणि उत्पन्नाची अट १५ टक्क्यांवर येते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड इकडच्या लोकांनी हा १५ चा आकडा लक्षात ठेवावा.

या आकड्यांचा अर्थ थांबून बघण्यासारखा आहे. खेड्यातलं पोस्ट नफ्यात असावं असं सरकारनं कधी म्हटलेलंच नाही. शंभर रुपये खर्चून तेहतीस मिळाले, डोंगरात पंधरा मिळाले, तरी पोस्ट ठेवायचं, हे निकषातच लिहिलेलं आहे. उरलेले पैसे सरकारनं घालायचे, हे धरूनच हिशोब मांडलाय. रस्त्यावरचा दिवा नफ्यात आहे का असं कुणी विचारत नाही, तसंच हे.

शहराचं गणित कडक आहे. शहरातल्या पोस्टानं सुरुवातीपासून आपला खर्च आपण भागवायचा आणि पहिल्या वर्षाच्या आढाव्यात ५ टक्के नफा दाखवायचा. दोन पोस्टांतलं अंतर वीस लाखांच्या वरच्या शहरांत किमान दीड किलोमीटर आणि बाकीच्या शहरांत २ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याला २ किलोमीटरचा नियम लागतो. बिंदू चौकातून निघून दोन किलोमीटर चाललात तर जुनं कोल्हापूर जवळजवळ संपतं. आपल्या पेठा एकमेकींना खेटून आहेत, त्यामुळं नकाशावर मोजपट्टी ठेवली की पेठेतलं प्रत्येक पोस्ट दुसऱ्याच्या 'फार जवळ' ठरतं. पण नकाशावर भर दुपारचं ऊन दिसत नाही, महाद्वार रोडची गर्दी दिसत नाही आणि आक्कांचे गुडघे दिसत नाहीत.

तोटा, पण कुणाच्या वहीतला?

पोस्टात लोकांचे एवढे पैसे ठेवलेले आहेत, मग पोस्ट तोट्यात कसं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. बँकेचं समजतं. ती आपल्याकडून स्वस्तात पैसे घेते, महाग व्याजानं कर्ज देते, मधला फरक तिचा. पोस्टाला तो फरक मिळत नाही. आरडी, मासिक प्राप्ती, सुकन्या, ज्येष्ठांची बचत योजना, पीपीएफ या सगळ्यांचे पैसे केंद्राच्या राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातात. हा निधी १९९९ मध्ये स्थापन झाला. पोस्ट हे काम अर्थ मंत्रालयाच्या वतीनं करतं आणि त्याबद्दल त्याला खात्यामागं ठरावीक मोबदला मिळतो. आक्कांनी पाच लाख ठेवले काय किंवा पन्नास हजार ठेवले काय, पोस्टाच्या पदरात पडणारं सारखंच. आपल्या पेठेतल्या निवृत्त माणसांनी आयुष्यभराची पुंजी त्या काउंटरवर ठेवलेली असते, पण त्या काउंटरच्या उत्पन्नात ती दिसत नाही.

दुसरी अडचण टपालाची. मुंबईतल्या एखाद्या कंपनीनं कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाचशे लोकांना पत्रं पाठवली, तर टपालाचे पैसे मुंबईत जमा होतात. ऊन-पावसात सायकल मारत ती वाटायचं काम मात्र इकडचं. त्या वाटपाचं श्रेय इकडच्या पोस्टाला किती द्यायचं, हे हिशोबाच्या पद्धतीवर अवलंबून. आणि पोस्टकार्डाची किंमत पन्नास पैसे आहे. हे दर सरकारनं मुद्दाम कमी ठेवले आहेत आणि ते योग्यच आहे, पण त्यातून पडणारी तूट त्या बिचाऱ्या शाखेच्या नावावर 'अकार्यक्षमता' म्हणून मांडणं बरोबर नाही.

आता दुसरी वही उघडू, जी कुणी लिहीतच नाही.

शाहूवाडी तालुक्यातल्या एका गावात मी शाखा डाकघर चालताना बघितलंय. घराच्या सोप्यात एक टेबल, भिंतीला लाल पाटी, टेबलावर तारखेचा शिक्का आणि एक छोटं बोटाचं यंत्र. पोस्टमास्तर एक तरुण वहिनी. समोर एक म्हातारबाबा, खात्यात आलेले पैसे काढायला आलेले. अंगठा ठेवला, यंत्रानं नाकारला. आयुष्यभर खुरपं आणि कुऱ्हाड धरून अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या होत्या. वहिनींनी आतून ओला कपडा आणला, त्यांचा अंगठा स्वतःच्या हातानं पुसला, परत ठेवला. नाही. तर्जनी ठेवली. नाही. मग डाव्या हाताची अनामिका, आणि तिथं हिरवा दिवा लागला. "बाबा, ह्येच बोट ध्यानात ठेवा आता," असं म्हणून त्यांनी नोटा दोनदा मोजून हातात दिल्या. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागली. खात्याच्या नोंदीत तो एक व्यवहार झाला.

समजा, हे पोस्ट उठलं. समजा, गावातल्या तीनशे जणांना महिन्यातून एकदा तालुक्याला जावं लागलं आणि वडापच्या जीपला किंवा एसटीला जाऊन-येऊन चाळीस रुपये पडले. तीनशे गुणिले चाळीस, महिन्याला बारा हजार रुपये. शाखा पोस्टमास्तरांचा चार तासांच्या कामाचा किमान मूळ मोबदला २०१८ पासून किती आहे? बारा हजार, अधिक महागाई भत्ता. म्हणजे सरकारनं मूळ मोबदल्यात जेवढे वाचवले, तेवढेच गावानं प्रवासात घातले, आणि बुडालेली मजुरी यात धरलेलीच नाही. अर्ध्या दिवसाची भांगलण बुडाली की ते नुकसान वेगळं. पोस्ट बंद केल्यानं तो खर्च नाहीसा होत नाही, सरकारच्या वहीतून निघून म्हातारबाबांच्या खिशावर येतो. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. ज्या प्रस्तावात ही दुसरी वही नाही, तो प्रस्ताव अपुरा आहे असं मी मानतो.

"पण आता पत्रं लिहितंय कोण?"

पत्रं कमी झाली, हे खरंच आहे. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि तारसेवा संपली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं. २०२३ च्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यानं १८९८ चा जुना कायदा गेला आणि त्यासोबत पत्रं नेण्याचा सरकारचा एकट्याचा हक्कही गेला. टपाल बदलतंय, आणि बदलायलाच हवं.

पण एखाद्या पोस्टात जाऊन अर्धा तास बसा आणि रांगेतल्या लोकांच्या हातात काय आहे ते बघा. पासबुकं आहेत. आरडीचं कार्ड घेऊन आलेल्या एजंट मावशी आहेत. आधारचा मोबाइल नंबर बदलायला आलेला माणूस आहे. लाडकी बहीणचे दीड हजार आले का, ते बघायला आलेल्या बायका आहेत. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, आणि आता तिच्यामार्फत दुसऱ्या बँकेतले पैसेही आधारवर पोस्टातून काढता येतात. श्रावणात राख्यांची पाकिटं असतात. शिरोळमधल्या सैनिक टाकळीसारख्या, घरटी जवान असलेल्या गावांना त्या पाकिटाचं मोल विचारा. पत्र हे पोस्टाच्या कामातलं एक काम होतं. ते आटलं म्हणून बाकीची आटली असं होत नाही.

"बँका आहेत, फोनपे आहे, मग पोस्ट कशाला?"

ज्याला फोनपे जमतं त्याच्यासाठी आहेच, मीही वापरतो. प्रश्न ज्याला जमत नाही त्याचा आहे. आणि प्रश्न त्या दिवसांचाही आहे जेव्हा कुणालाच जमत नाही. २०१९ चा महापूर आठवा. पंचगंगेचं पाणी चिखली-आंबेवाडीत घुसलं, शहराचे रस्ते तुटले, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. त्या दिवसांत खिशात नोट असलेल्या माणसालाच दूध मिळत होतं. पुरात पोस्टही चालत नाही, हे मान्य. पण पाणी ओसरल्यावर गावात कुणीतरी ओळखीचा माणूस रोख रक्कम घेऊन बसलेला असणं आणि बारा किलोमीटरवरच्या एटीएममध्ये पैसे असतील अशी आशा करणं, यात फरक आहे. शाखा डाकघरातून दिवसाला एका खात्यातून २०,००० रुपयांपर्यंत काढता येतात. खेड्यातल्या अडचणीला ही रक्कम पुष्कळ झाली.

"मग एकही पोस्ट हलवू नये का?"

असं मी म्हणत नाही. एकाच रस्त्यावर पाच मिनिटांच्या अंतरावर दोन पोस्टं असतील, एकात छत गळतंय आणि जिना चढून जावं लागतंय, दुसऱ्यात तळमजला आहे, चार काउंटर आहेत, तर ती एकत्र केलेली बरी. लोकांचंही त्यात भलं आहे. पडक्या जागेत कर्मचाऱ्यांनी जीव मुठीत धरून काम करावं असं कोण म्हणेल?

माझी हरकत अंतर मोजण्याच्या पद्धतीला आहे आणि न विचारण्याला आहे. २०२३ च्या कायद्यात पोस्ट बंद करण्याआधी तिथल्या लोकांना विचारलंच पाहिजे असं कलम नाही. दुसरीकडं, २०२५ च्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पी भाषणात केंद्रीय अर्थमंत्र्यांनीच दीड लाख ग्रामीण पोस्टं आणि २ लाख ४० हजार डाक सेवक यांना ग्रामीण अर्थव्यवस्थेला चालना देणारी ताकद म्हटलं. हे धोरण मनापासून राबवायचं असेल तर त्या ताकदीचा एकेक दुवा उचलण्याआधी दहा वेळा विचार व्हायला हवा.

बाहेर काय केलं गेलं

अमेरिकेच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की केवळ तोट्यात आहे एवढ्याच कारणानं लहान पोस्ट बंद करायचं नाही. बंद करायचं तर ६० दिवस आधी लोकांना सूचना द्यावी लागते आणि निर्णयानंतर ३० दिवसांत तिथल्या टपाल नियामक आयोगाकडं अपील करता येतं. २०११ मध्ये तिथल्या खात्यानं सुमारे ३,७०० पोस्टं बंद करता येतील का याची तपासणी सुरू केली. गावागावांतून विरोध झाला. पुढच्या वर्षी खात्यानं मार्ग बदलला आणि सुमारे १३,००० ग्रामीण पोस्टांचे तास कमी करायचं ठरवलं. बंद करण्यापेक्षा रोज दोन-चार तास उघडं ठेवणं लोकांनी पत्करलं. आपलं शाखा डाकघर आधीपासून असंच चालतं. जो उपाय त्यांना भांडून मिळाला, तो आपल्याकडं जुनाच आहे.

ब्रिटनमध्ये २००७ नंतर सुमारे अडीच हजार पोस्टं उठवली. पण त्यासाठी आधी एक माप जाहीर केलं: ९९ टक्के लोक पोस्टापासून तीन मैलांच्या आत आणि ९० टक्के एका मैलाच्या आत राहिले पाहिजेत. शिवाय सुमारे पाचशे ठिकाणी फिरतं किंवा ठरावीक वेळेचं पोस्ट दिलं. प्रत्येक भागात सहा आठवडे लोकांची मतं मागवली, आणि हे आठवडे फार थोडे म्हणून लोक भांडले. तिथं मोजमाप दोन पोस्टांमधल्या अंतराचं नव्हतं, माणसापासून पोस्टापर्यंतच्या अंतराचं होतं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

डेन्मार्कनं तर २०२५ च्या अखेरीस सरकारी टपालाचं पत्रवाटपच थांबवलं, १६२४ पासून चालत आलेलं. तिथली पत्रं २००० सालापासून नव्वद टक्क्यांनी घटली होती. पण तिथं जवळजवळ सगळा सरकारी व्यवहार लोक घरबसल्या ऑनलाइन करतात. त्याचं उदाहरण शाहूवाडीला लावता येत नाही.

आपण काय करू शकतो

मोर्चा काढण्याआधी कागद मागा. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात आहे, की लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्याची सगळी वस्तुस्थिती खात्यानं स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि बाधित माणसांना कारणं द्यायची. खात्यानं दिली नाहीत तर अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात मोघम लिहू नका, नेमकं मागा. आमच्या पोस्टाचा गेल्या तीन वर्षांचा उत्पन्न-खर्चाचा तक्ता. तो कोणत्या पद्धतीनं काढला ते. वितरण कधी आणि कोणत्या आदेशानं काढलं. पदं किती मंजूर आणि किती भरलेली. जवळच्या पोस्टाचं अंतर कुठून कुठपर्यंत मोजलं. खेड्यात असाल तर तुमचं गाव डोंगरी भागाच्या निकषात धरलंय की साध्या, हेही विचारा. पंधरा आणि तेहतीस टक्क्यांचा फरक तिथंच पडतो.

खेड्यातल्यांनी आणखी एक तारीख सांभाळावी. डाक सेवक ६५ व्या वर्षी निवृत्त होतात आणि पोस्ट त्यांच्याच सोप्यात असतं. ते निवृत्त झाले, नवीन माणूस लवकर मिळाला नाही, जागा मिळाली नाही, की कारभार तात्पुरता शेजारच्या गावाकडं जातो, आणि तात्पुरतं फार लांबतं. ग्रामपंचायतीनं वर्षभर आधी एक खोली देऊ केली तर खात्याची मोठी अडचण सुटते. हे कुठलंही आंदोलन न करता होण्यासारखं आहे.

निवेदन द्यायचंच असेल तर ते पणजीच्या पोस्टमास्तर जनरलना आणि खासदारांना द्या, प्रत कोल्हापूरच्या अधीक्षकांना. त्यासोबत दुसरी वही जोडा: किती माणसं येतात, त्यात साठीच्या पुढची किती, नव्या पोस्टाला जायला रिक्षाला किती पडतात. शहरातल्या टोलवसुलीविरुद्ध कोल्हापुरानं रस्त्यावर येऊन लढा दिला आणि जिंकला. पोस्टासाठी तेवढी माणसं बाहेर पडणार नाहीत, म्हणून इथं आकडे नेमके हवेत.

आमच्या पेठेत आम्ही हे उशिरा का होईना, केलं. दोन रविवार दारोदार फिरून वही भरली. आक्कांच्या नावापुढं लिहिलंय: वय ७७, महिन्याला एक फेरी, चालत जमत नाही, रिक्षा जाऊन-येऊन १०० रुपये. त्यांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यात ह्ये बी लिही, की नव्या पोस्टात बसाय बाकडं न्हाई." लिहिलं.